55 सीसीचं विमान, टँकमधली पांढरी नळी आणि इपॉक्सीने चिकटवलेली फळी

पार्श्वभूमी

हे सगळं देवगड तालुक्यातल्या एका गावात घडलं. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही, बाकी घडलं ते जसंच्या तसं लिहितोय, कारण आपल्या किनारपट्टीवर पेट्रोलची मोठी रेडिओ कंट्रोल विमानं जोडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि जो तो आपापल्या पडवीत एकटाच चुकतो.

विमान दादांचं. दादा हापूसचे बागायतदार, फोमची इलेक्ट्रिक विमानं पाच-सहा वर्षं उडवलेली, हात एकदम स्थिर, पण पेट्रोल इंजिन पहिल्यांदाच. मी वायरिंग आणि रेडिओचं बघणारा, माझं मोबाईल-इन्व्हर्टर रिपेअरचं दुकान आहे. तिसरे काका, मच्छीमार होड्यांची मशीनं उघडणारे, त्यांचा विमानाशी तोपर्यंत काडीचा संबंध नव्हता, नंतर आला आणि फार कामाला आला.

किट एआरएफ प्रकारातलं, म्हणजे बाल्सा आणि प्लायवूडची बॉडी-पंख तयार, वर इस्त्रीने चिकटणारी प्लास्टिकची फिल्म चढवलेली, आपण इंजिन, सर्व्हो (पंखा-शेपटीच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), टँक, चाकं, बिजागऱ्या बसवायच्या. पंखांचा विस्तार 2.2 मीटर, इंजिन 55 सीसीचं टू-स्ट्रोक, पुढे 22 बाय 8 इंचाचा लाकडी प्रॉप (फिरणारा पंखा), तयार वजन आठ किलोच्या आसपास. गणपतीला मुंबईहून चुलतभाऊ गाडीच्या मागच्या सीट पाडून खोका घेऊन आला. घरात चाकरमानी भरलेले, पोरंटोरं सगळीकडे, त्यामुळे खोका थेट माळ्यावर गेला आणि विसर्जन झाल्यावर, घर रिकामं झाल्यावर पडवीत उतरला.

सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे पाऊस अजून असतोच आणि हवेतला ओलावा तर विचारू नका. लाकूड ओलावा पितं, फुगतं, तेव्हा फिल्म ताणलेली छान दिसते आणि मग नोव्हेंबरात हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि फिल्मला सुरकुत्या पडतात. आम्ही सप्टेंबरात एकही सुरकुती नाही म्हणून खूश होतो, दिवाळीनंतर दोन्ही पंखांवर इस्त्री फिरवायला लागली. हे काही बिघडणं नाही, इथे राहायचं तर वर्षातून एकदोनदा इस्त्री काढावीच लागणार.

जोडणी

बिजागऱ्या, हॉर्न (सर्व्होचा दांडा जोडायचे कान), चाकं यात सांगण्यासारखं फार नाही, व्यवस्थित झालं. लोखंडाला लोखंड लागतं तिथल्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉक लावलं, कारण एका सिलिंडरचं 55 सीसी इंजिन असं थरथरतं की लॉक नसलेला स्क्रू दोन टँक पेट्रोल संपेपर्यंत गळून पडतो. एलेव्हेटरला, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीला, दोन स्वतंत्र सर्व्हो, सगळे मेटल गिअरचे.

माझा जीव होता तो इग्निशनच्या भागात. पेट्रोल इंजिनला ठिणगी लागते, ती सीडीआय बॉक्स देतो, आणि जिथे ठिणगी तिथे रेडिओला त्रास देणारा गोंगाट. म्हणून सीडीआय, त्याची बॅटरी आणि त्याचा स्विच हे सगळं पुढे इंजिनच्या पेटीत, आणि रिसीव्हर त्याच्यापासून एक फुटापेक्षा जास्त मागे. रिसीव्हरची बॅटरी वेगळी, इग्निशनची वेगळी, दोघांच्या वायरी कुठेही शेजारून जात नाहीत. थ्रॉटलचा दांडा धातूचा न ठेवता प्लास्टिकचा, नाहीतर तोच अँटेनासारखा गोंगाट मागे आणतो. ट्रान्समीटरवरून इग्निशन बंद करणारा किल स्विच बसवला, आणि सिग्नल तुटला तर इंजिन बंद, असं फेलसेफ लावलं. इंजिन चालू ठेवून रेंज टेस्ट केली, म्हणजे रेडिओ किती लांबून चालतो ते बघितलं, तेव्हा एकही सर्व्हो थरथरला नाही. या भागाचा मला आजही अभिमान आहे.

तोल बघताना शेपटी जड निघाली. पुढे शिसं चिकटवण्यापेक्षा इग्निशनची बॅटरी इंजिनच्या पेटीच्या बाहेरच्या बाजूला सरकवली आणि विनावजन काम झालं. तोल नेहमी टँक रिकामा ठेवून बघायचा, कारण उतरताना विमान त्याच अवस्थेत असतं.

पहिला निर्णय: टँकवरची फळी

टँक 500 मिलीचा, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन जिच्यावर बसतं त्या पुढच्या उभ्या फळीच्या, लगेच मागे. त्याच्यावर प्लायवूडची एक आडवी फळी येते, तिच्यावर रिसीव्हर आणि त्याची बॅटरी. किटमध्ये ही फळी चार बारीक लाकडी स्क्रूंवर बसवायची होती. दादा म्हणाले, "थरथरीने हे स्क्रू सुटले आणि बॅटरी हवेत सुटली तर?" प्रश्न रास्त होता. मी म्हणालो इपॉक्सी लावून टाकू, कायमचं काम होईल. अर्ध्या तासात सेट होणारं इपॉक्सी दोन्ही बाजूंनी भरून लावलं, वरून ग्लासफायबरची पट्टी, फळी अशी बसली की तिच्यावर नारळ फोडावा.

टँक त्या फळीखाली गाडला गेला हे आमच्या डोक्यात आलंच नाही असं नाही, आलं होतं, पण टँकमध्ये बिघडण्यासारखं असतंच काय असं आम्ही म्हटलं.

टँकमध्ये काय असतं ते नवीन माणसासाठी सांगतो. टँकच्या तोंडाला रबराचं बूच, बुचातून पितळेच्या नळ्या आरपार. एक हवा येण्याजाण्याची, एक भरण्याची, आणि एक कार्बोरेटरला पेट्रोल देणारी. या शेवटच्या पितळी नळीला आतल्या बाजूने एक मऊ रबरी नळी आणि तिच्या टोकाला जड गोळा, त्याला क्लंक म्हणतात. विमान नाक वर करो, उलटं होवो, गोळा वजनाने जिथे पेट्रोल आहे तिथे जातो आणि इंजिनला पेट्रोल मिळत राहतं. म्हणजे सगळा खेळ त्या चार-पाच इंच मऊ नळीवर.

आमच्या किटमधला टँक जोडलेलाच आला होता. बाहेरच्या सगळ्या नळ्या आम्ही पेट्रोलला चालणाऱ्या पिवळ्या टायगॉनच्या घातल्या. आतली नळी दुधासारखी पांढरी होती. ती सिलिकॉनची होती. सिलिकॉन मिथेनॉलवरच्या ग्लो इंजिनला उत्तम, पेट्रोलमध्ये मात्र ते फुगतं, बुळबुळीत आणि सैल होतं. दादांनी बूच काढून बघितलंही, गोळा नीट हलतोय म्हणाले आणि बूच परत घट्ट केलं. रंग आमच्या तिघांपैकी दोघांनी बघितला आणि दोघांनाही काही खटकलं नाही.

मैदान

देवगडला सपाट जागा म्हणजे सडा. कातळाचा सडा लांबरुंद असतो, पण जांभा खडबडीत, आणि काही सड्यांवर कातळशिल्पं आहेत, आपल्या जिल्ह्यात कुडोपीची तर 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. म्हणून जागा ठरवताना आधी वाडीतल्या जाणत्यांना घेऊन सडा चालून काढला, चित्रं नसलेला, पवनचक्क्यांपासून लांब, मालकाची परवानगी असलेला तुकडा निवडला. ड्रोन नियम 2021 मध्ये 25 किलोपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात, शिक्षण-संशोधन किंवा हौसेसाठी उडवलेलं विमान मॉडेल प्रकारात येतं, ग्रीन झोनमध्ये, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या भागात, मर्यादा 400 फूट, ती डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर बघून घेतली. गवत कापणी झाल्यावर पोरांनी दोन दिवस खडे वेचले आणि धावपट्टी झाली.

समुद्रकिनाऱ्याचा विचार पहिल्याच दिवशी सोडला होता. वाळू आणि खारं पाणी कार्बोरेटरजवळ नको, शिवाय नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात.

समस्या

डिसेंबरात इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. सुरुवातीला 30 ला 1 मिश्रण, म्हणजे लिटरभर पेट्रोलला 33 मिली मिनरल टू-स्ट्रोक ऑइल. चोक लावून चार झटके, पॉप आवाज, चोक काढून आणखी तीन झटके आणि सुरू. दोन दिवस विमान खांबाला बांधून रनिंग-इन केलं, म्हणजे नवं इंजिन चालवून मोकळं केलं, टॅकोमीटरवर मिनिटाला साडेसहा हजारांच्या आसपास फेरे मिळत होते. सगळे आनंदात.

मग मोहोर आला आणि दादा फवारणीत अडकले. विमान तीन आठवडे पडवीत टांगलेलं, टँक अर्धा भरलेला. हे दुसरं चुकलं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्या हवेत ओलावा मुबलक, तेव्हा टँकमध्ये पेट्रोल साठवून ठेवणं म्हणजे कार्बोरेटरच्या पडद्यांना आणि नळ्यांना मुद्दाम त्रास देणं.

जानेवारीत परत सड्यावर गेलो. आयडल सुंदर. आडवं ठेवून पूर्ण थ्रॉटल, तेही चांगलं. उडवण्याआधी एक चाचणी करायचीच असते, दोघांनी धरून विमानाचं नाक वर करायचं आणि पूर्ण थ्रॉटल द्यायचा, कारण टेकऑफनंतर चढताना इंजिन त्याच अवस्थेत असतं. नाक वर केलं, सात-आठ सेकंद चाललं, मग आवाज बारीक झाला, चिरका झाला आणि बंद.

दुसरा निर्णय: सुई

पेट्रोल कमी पडतंय हे आवाजावरून कळत होतं. या कार्बोरेटरला दोन सुया असतात, एल आयडल आणि मधल्या थ्रॉटलसाठी, एच पूर्ण थ्रॉटलसाठी. आम्ही एच पाव फेरा उघडली, टँक भरला, नाक वर केलं, अर्धं मिनिट चाललं! जमलं म्हणून टाळ्या वाजल्या. पुढच्या वेळी परत तेच. परत थोडी उघडली, टँक भरला, परत सुधारलं. असे तीन रविवार गेले. शेवटी प्लग काळा कुळकुळीत, सायलेन्सरमधून तेल गळतंय आणि इंजिन नाक वर केलं की तरीही मरतंय.

हा भाग मी पुन्हा पुन्हा आठवतो. सुधारणा सुईमुळे झालीच नव्हती. प्रत्येक वेळी सुई फिरवल्यावर आम्ही टँक काठोकाठ भरत होतो, आणि टँक भरलेला असला की नाक वर केल्यावरही पुढच्या बाजूला थोडं पेट्रोल शिल्लक राहत होतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय चुकीच्या गोष्टीला दिलं. सुई तशीच ठेवून फक्त टँक भरून बघितला असता तर पहिल्याच रविवारी कळलं असतं.

चौथ्या रविवारी काका सहज आले. पाच मिनिटं नुसते बघत बसले. मग म्हणाले, "रे दादा, सुई कित्याक पिळतंस? पेट्रोल येता की वारो येता, ता आधी बघ." आणि लगेच, "होडीचा मशीन पण लाटेर नाक वर झाला काय असाच बंद पडता. टाकयेत डिझेल असता, पण नळयेक मिळणा नाय."

मग इंजिनवरचं झाकण काढलं, टँकपासून कार्बोरेटरला जाणारी पिवळी नळी उघडी केली, ती पारदर्शक असते. टँक अर्धा ठेवला. मी नळीपासून वीतभर लांब डोळे लावून बसलो, दोघांनी विमान धरलं. आडवं असताना नळी भरलेली, एकसारखी, जणू काचेची कांडी. नाक वर केलं आणि पहिला बुडबुडा आला, तांदळाच्या दाण्याएवढा, मग त्याच्या मागे दुसरा, मग बुडबुड्यांची माळच, आणि तिसऱ्या सेकंदाला नळी रिकामी. इंजिन बंद केल्यावर काकांनी विमान हळूच नाकावर कलंडलं आणि आत गोळा घरंगळत येऊन फायरवॉलच्या बाजूला टण् आपटला. नळीला लागलेला गोळा एवढ्या सहज पुढे येऊन आपटत नाही, नळी त्याला थोडी तरी धरून ठेवते. गोळा सुटला होता.

पर्याय

तोवर फेब्रुवारी अर्धा झालेला. शिमग्याला चाकरमानी येणार, चुलतभावाने सगळ्यांना सांगून ठेवलेलं की पालखीनंतर सड्यावर विमान उडणार. या तारखेचा दबाव आम्हा सगळ्यांवर होता, हे कबूल करायला हवं.

पहिला पर्याय चुलतभावाने फोनवर सुचवला, टँक काठोकाठ भरून चार मिनिटं सरळ सरळ उडवा, चढण हळू घ्या. ऐकायला बरं वाटतं. पण आठ किलोचं विमान, पुढे 22 इंचाचा प्रॉप आणि खाली माणसं, अशात इंजिन कधी मरेल ते माहीत असताना टेकऑफ करायचा नाही, यावर दादा ठाम राहिले.

दुसरा, इंजिन काढून फायरवॉलला पुढून मोठं भोक पाडून बुचापर्यंत हात घालायचा. पण सगळा जोर जिथे येतो ती फायरवॉल कोरायची हे मला पटलं नाही.

तिसरा, जुना टँक रिकामा करून तसाच सोडायचा आणि नवा टँक मागे, दोन्ही पंख जोडणाऱ्या नळीच्या वर, तोलाच्या जागी बसवायचा. हा पर्याय खरंच चांगला होता. कार्बोरेटरमध्येच पंप असतो, त्यामुळे लांबून पेट्रोल ओढायला त्याला अडचण नाही, आणि टँक तोलावर असला की भरलेला-रिकामा असा फरक शेपटीला जाणवत नाही. पण मग रिसीव्हर पुढे न्यावा लागला असता, इग्निशनजवळ. मी नको म्हणालो.

चौथा, फळी कापायची.

काय केलं

फळी कापली. आधी टँक उपसून काढला, बॅटऱ्या-रिसीव्हर सगळं बाहेर, आणि बॉडी दोन दिवस वाऱ्यावर उघडी ठेवली. दादांकडे छोटा ग्राइंडर होता, पण पेट्रोलची वाफ जिथे साठलेली असू शकते तिथे ठिणगी उडवणारी मोटर फिरवायची नाही, म्हणून एक्सा ब्लेड मोडून त्याला एका बाजूने टेप गुंडाळून मूठ केली आणि हाताने कापत बसलो. दोन संध्याकाळी गेल्या. आपणच इतकं मन लावून भरलेलं इपॉक्सी आपणच खरवडून काढताना फार वाईट वाटत होतं. दुसऱ्या संध्याकाळी डाव्या बाजूची आधाराची पट्टी तडकली, तिथे नवी प्लायची पट्टी चिकटवून चोवीस तास क्लॅम्पमध्ये ठेवली.

टँक बाहेर आला. बूच काढलं तर पांढरी नळी गोळ्यासकट तळाशी पडलेली. फुगून जवळजवळ दीडपट झालेली, बोटात धरली की कालवाच्या मांसासारखी लिबलिबीत, पितळी नळीवरून कधीच सुटलेली. आता सगळं जुळलं, इंजिन पेट्रोल ओढत होतं ते टँकच्या अगदी तोंडाशी असलेल्या उघड्या पितळी टोकातून, म्हणून आडवं चालायचं आणि नाक वर केलं की हवा.

नवं बूच पेट्रोलला चालणारं घातलं. आतली नळी टायगॉनची, पितळी टोकावर डाग देऊन कडं केलं म्हणजे नळी निसटणार नाही, वरून बारीक केबल टाय. नवी फळी 3 मिमी प्लायची, खाली टी-नट (लाकडात रुतून बसणारे नट), वर सहा एम3 स्क्रू आणि प्रत्येकाखाली रबरी वॉशर. दादांची स्क्रू सुटण्याची भीती खरी होती आणि तिचं उत्तर हे होतं, टी-नट आणि वॉशर. सप्टेंबरात हेच केलं असतं तर वीस रुपयांचं सामान आणि अर्धा तास लागला असता. सुया परत दीड फेऱ्यावर आणून नव्याने लावल्या, नवा प्लग घातला, तोल परत बघितला आणि बॅटरी दोन सेंटीमीटर मागे घेतली.

निकाल

शिमग्याला विमान उडालं नाही. काम तोवर पूर्ण झालं होतं, पण कार्बोरेटर नीट लावून दोन टँक जमिनीवर काढायला वेळ नव्हता आणि दादांनी सरळ सांगितलं की आज फक्त इंजिन सुरू करून दाखवेन. थोडी नाराजी झाली. नाक वर करून अर्धा टँक पूर्ण थ्रॉटलवर चालवून दाखवला, पोरांना तेवढंही पुरलं. मग आंबा सुरू झाला, एप्रिल कुठे गेला कळलं नाही.

उडालं मेच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेसहाला, कारण नऊनंतर समुद्राकडून वारा चढायला लागतो. पंचवीस-तीस मीटर धावून उचललं, चढताना आवाजात जराही फरक नाही. सात मिनिटं उडवलं, एलेव्हेटरला दोन-तीन क्लिक ट्रिम, म्हणजे ट्रान्समीटरवरून बारीकशी दुरुस्ती, लागलं, बाकी काही नाही. दादांच्या हाताला घाम होता, त्यांनी उतरल्यावर ट्रान्समीटर माझ्याकडे दिला तेव्हा तो ओला लागला. दुसऱ्या उड्डाणात जांभ्यावर जरा आपटून उतरलं आणि एका चाकाचं कॉलर सुटलं, ते जागेवरच बसवलं.

पुन्हा करायचं तर

खोक्यातून जोडून आलेला टँक पहिल्याच दिवशी उघडेन, आतली नळी रंग बघून विश्वासाने न सोडता थेट बदलेन. आणि खात्री करायचीच असेल तर नळीचा इंचभर तुकडा कापून दोन दिवस पेट्रोलच्या बाटलीत बुडवून ठेवेन, फुगली की कळलं. नाक वर करायची चाचणी अर्ध्या टँकवर करेन, भरलेल्यावर नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलेन आणि ती वहीत लिहेन. दिवसाच्या शेवटी टँक रिकामा आणि इंजिन आतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवून बंद, हे आता आम्ही चुकवत नाही. टायगॉनही कायमची नाही, वर्षभरात कडक होते, दर दिवाळीला बदलायची ठरवलीय.

तिसऱ्या पर्यायाबद्दल मात्र माझं मन अजून डळमळतं. पुढचं विमान केलं तर टँक तोलावर घेईन आणि रिसीव्हर त्याच्याही मागे, शेपटीकडे नेईन, म्हणजे फळीचा प्रश्नच उरणार नाही.

हे सगळं झाल्यावर जूनमध्ये वेंगुर्ल्याच्या एका मित्राला फोन केला, त्याने त्याच सुमारास तसंच किट जोडलं होतं आणि इंजिन अजून एकदाच सुरू केलेलं. त्याला म्हटलं टँक उघड. त्याची फळी स्क्रूवर होती. चाळीस मिनिटांनी त्याने फोटो पाठवला, आत तीच पांढरी नळी, गोळ्याजवळ फुगायला लागलेली, आणि शेजारी कापून ठेवलेली नवी पिवळी.